डब्यावरचा '50 ग्रॅम' नेमका कुणासाठी?

रंगाच्या दुकानात जाऊन जरा महागातलं इमल्शन मागितलंत तर डब्यावर 'लो व्हीओसी' असं लिहिलेलं हमखास दिसतं. डबा फिरवून बारीक अक्षरं वाचलीत तर बऱ्याचदा एखादा आकडाही सापडतो: प्रति लीटर 50 ग्रॅमपेक्षा कमी. इमारतीला हरित प्रमाणपत्र हवं असेल तर कन्सल्टंट कंत्राटदाराकडे याच आकड्याचा कागद मागतो. कागद फाइलला लागतो, गुण मिळतो, आणि आपण समजतो की या रंगाने घरातल्या हवेची काळजी घेतली.

माझ्या पीएच.डी.चं काम घरातल्या हवेतल्या रसायनांवर आहे, त्यामुळे हा आकडा रोज समोर येतो. त्याचा माग काढत मागे गेलं की एक गंमत कळते. या आकड्याची पद्धत घरातल्या हवेसाठी बनलेलीच नव्हती. ती बनली एका शहराच्या आभाळासाठी. हा प्रवास नीट समजून घेतला तर आजच्या प्रमाणपत्रांत रंगाच्या दोन-दोन चाचण्या का असतात हेही कळतं.

आधी व्हीओसी म्हणजे काय ते थोडक्यात. कार्बन असलेली आणि सहज हवेत उडून जाणारी संयुगं. ऑईलपेंटमधलं टर्पेंटाईन, थिनर, इमल्शनमध्ये थर नीट जुळून यावा म्हणून घातलेली द्रावकं, हे सगळं त्यात आलं. नव्या रंगाचा जो वास येतो त्यात यांचा वाटा मोठा. पण वास आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात असू द्या. वास न येणारा रंगही काहीतरी सोडत असू शकतो.

आता 1943 च्या जुलैत, लॉस एंजेलिसला जाऊ. 26 जुलैला शहरावर असं दाट धुरकं उतरलं की तीन चौकांपलीकडचं दिसेना. डोळे चुरचुरत होते, घसा जळत होता. महायुद्ध चालू होतं, त्यामुळे जपानने विषारी वायू सोडला की काय अशीही शंका लोकांना आली. मग संशय गेला शहरातल्याच एका कारखान्यावर, जिथे कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनत असे. तो काही काळ बंद ठेवला. धुरकं येतच राहिलं.

कोडं सोडवलं आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या शास्त्रज्ञाने. हे कॅलटेकमध्ये वनस्पतींच्या रसायनशास्त्रावर काम करायचे, अननसाला अननसाचा स्वाद कशामुळे येतो यावर. हवेत अगदी कमी प्रमाणात असलेली संयुगं गोळा करून वेगळी करण्याची हातोटी त्यांच्याकडे होती. तीच त्यांनी शहराच्या हवेवर वापरली. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं की धुरक्यातला मुख्य त्रासदायक वायू, म्हणजे ओझोन, कुठल्या धुराड्यातून बाहेर पडतच नाही. तो हवेतच तयार होतो. गाड्या, रिफायनऱ्या आणि द्रावकांतून आलेली हायड्रोकार्बन्स, त्यात नायट्रोजनचे ऑक्साइड आणि वर कॅलिफोर्नियाचं ऊन. ओझोन मोजायला ताणलेल्या रबराच्या पट्ट्या वापरायचे. ओझोन जितका जास्त तितक्या लवकर त्या तडकायच्या. साधी युक्ती आहे, पण मला फार आवडते.

पेट्रोल आणि रिफायनऱ्या हे मोठे गुन्हेगार होतेच. पण यादी पुढे सरकली तेव्हा रंगाचाही नंबर लागला. रंगातलं द्रावक शेवटी जातं कुठे? सगळं हवेत. शहरातली घरं, पूल, फर्निचर रंगवताना रोज मणामणाने द्रावक आभाळात जात होतं. 1966 साली लॉस एंजेलिस काउंटीने 'रूल 66' आणला आणि उन्हात जास्त जोमाने प्रतिक्रिया देणाऱ्या द्रावकांवर मर्यादा घातल्या. 1977 मध्ये त्या भागासाठी नव्याने स्थापन झालेल्या साउथ कोस्ट या हवा व्यवस्थापन मंडळाने इमारतींच्या रंगांसाठी वेगळा नियम केला, 'रूल 1113'. हा नियम अजून चालू आहे, कित्येकदा दुरुस्त झाला आहे आणि जगभरातल्या हरित इमारतींच्या कागदपत्रांत त्याचं नाव येतं. साध्या मॅट रंगाची त्यातली मर्यादा उतरत उतरत 2008 मध्ये प्रति लीटर 50 ग्रॅमवर आली. तुलनेसाठी सांगतो, अमेरिकेने 1998 मध्ये सगळ्या देशासाठी जो नियम केला त्यात मॅट रंगाला 250 ग्रॅमची मुभा होती.

इथे जरा थांबू, कारण खरी मेख मोजण्याच्या पद्धतीत आहे.

हा आकडा म्हणजे 'एक लीटर रंगात इतके ग्रॅम व्हीओसी' असं कुणालाही वाटेल. तसं नाही. अमेरिकन पद्धतीत आधी रंगातलं पाणी हिशोबातून वजा करतात. समजा एका लीटर इमल्शनमध्ये 30 ग्रॅम व्हीओसी आहे आणि अर्धा लीटर पाणी. मग 30 ला 1 ने नाही, 0.5 ने भागायचं. उत्तर येतं 60. हा रंग 50 च्या मर्यादेत नापास. युरोपियन महासंघाच्या 2004 च्या निर्देशात पाणी वजा करत नाहीत, वापरायला तयार रंग जसा आहे तसा मोजतात. तिथे आतल्या भिंतींच्या पाण्यावर आधारित मॅट रंगांना 2010 पासून मर्यादा आहे 30 ग्रॅम. म्हणजे हाच रंग तिथे काठावर का होईना, पास. जिथे मर्यादा 30 आहे तिथे पास आणि 50 आहे तिथे नापास! दोन डब्यांवरचे आकडे शेजारी ठेवून कुणी तुलना करत असेल तर त्याला आधी हे विचारा.

पाणी वजा करण्यामागे तर्क आहे, तो चुकीचा नाही. नाहीतर कंपनीने नुसतं पाणी वाढवून आकडा खाली आणला असता, आणि पेंटरला दोनाऐवजी तीन हात मारावे लागले असते. आभाळात गेलेलं द्रावक तेवढंच राहिलं असतं.

दुसरी मेख सवलतीच्या यादीत. नियमाचा हेतू ओझोन कमी करणं. मग जी संयुगं उन्हात जवळजवळ प्रतिक्रियाच देत नाहीत ती मोजायची कशाला? म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, अशा संयुगांची यादी केली. ती व्हीओसीत धरायची नाहीत. 1995 मध्ये ॲसिटोन त्या यादीत गेलं. त्याच यादीत मेथिलीन क्लोराइडही आहे, 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून. जुना रंग खरवडून काढायच्या रिमूव्हरमध्ये ते सर्रास असायचं आणि बंद जागेत त्याच्या वाफांनी कामगार मेले आहेत. त्याच ईपीएने 2019 मध्ये ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या रिमूव्हरमधून आणि 2024 मध्ये इतर बहुतेक वापरांतून त्यावर बंदी आणली. पण 'हे व्हीओसी आहे का?' या प्रश्नाला धुरक्याच्या नियमाचं उत्तर आजही 'नाही' असंच आहे. त्या नियमाची यात चूक नाही. त्याला आभाळाबद्दल विचारलं होतं, त्याने आभाळाबद्दल सांगितलं.

घरातल्या हवेचा प्रश्न वेगळ्या दाराने आला. 1973 च्या तेलसंकटानंतर वीज आणि इंधन वाचवायला पाश्चात्त्य देशांत इमारती घट्ट बंद करायला लागले. बाहेरची हवा आत घ्यायची म्हणजे ती तापवायची किंवा थंड करायची, तेवढा खर्च. अमेरिकेत वायुवीजनाचं मानक ठरवणाऱ्या ॲशरे या संस्थेने 1981 मध्ये ऑफिसांसाठी किमान ताजी हवा माणशी मिनिटाला 5 घनफुटांपर्यंत खाली आणली. नवे गालिचे, पार्टिकल बोर्ड, गोंद, रंग, आणि खिडक्या न उघडणाऱ्या. डोकं दुखणं, डोळे चुरचुरणं, अशा तक्रारी इतक्या वाढल्या की 'सिक बिल्डिंग सिंड्रोम' हे नाव रूढ झालं. 1989 मध्ये ॲशरेने किमान आकडा 15 केला. दरम्यान ईपीएने लोकांच्या अंगावर छोटी मोजयंत्रं लावून मोठा अभ्यास केला होता. त्यात दिसलं की अनेक व्हीओसींचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा घरात दोन ते पाच पट असतं, अगदी रासायनिक कारखान्यांशेजारच्या वस्तीतसुद्धा.

आणि मग खुद्द ईपीएचंच मुख्यालय आजारी पडलं. वॉशिंग्टनच्या वॉटरसाइड मॉलमधल्या त्या ऑफिसात 1980 च्या दशकाच्या शेवटी नवा गालिचा घातला आणि अनेक कर्मचाऱ्यांना त्रास सुरू झाला. देशाची हवा राखणाऱ्यांना स्वतःच्या ऑफिसात बसवेना. या प्रकरणाचा एक परिणाम असा की गालिचा उद्योगाने 1992 मध्ये स्वतःचं लेबल आणलं, आणि त्यात गालिच्यात काय घातलंय हे न बघता गालिचा हवेत किती सोडतो हे बंद पेटीत ठेवून मोजलं जायचं.

रंगाचं मात्र तसं झालं नाही. 1993 मध्ये 'ग्रीन सील' या संस्थेने रंगांसाठी जीएस-11 हे मानक काढलं. आतल्या मॅट रंगाला 50 ग्रॅम, चमक असलेल्याला 150. मोजायची पद्धत तीच, धुरक्याच्या नियमातली. आरोग्याचा विचार अगदीच नव्हता असं नाही. मेथिलीन क्लोराइड, टोल्युइन, शिसं अशा पदार्थांची एक बंदी-यादीही त्यांनी जोडली. पण ज्यावर सगळ्यांची नजर गेली तो होता आकडा. त्याच वर्षी अमेरिकेची हरित इमारत परिषद स्थापन झाली आणि 2000 साली तिच्या 'लीड' या प्रमाणपत्राची दुसरी आवृत्ती आली. (हे लीड म्हणजे नाव, शिसं नव्हे. रंगाबद्दल बोलताना हा घोळ हमखास होतो.) त्यात कमी उत्सर्जनाच्या सामानाला चार गुण होते: गोंद, रंग, गालिचे आणि लाकडी बोर्ड. गालिच्याला उद्योगाच्या लेबलची, म्हणजे उत्सर्जनाची अट. रंगाला ग्रीन सीलची, म्हणजे डब्यातल्या घटकांची अट. पुढच्या आवृत्त्यांत व्हार्निश, लॅकर, सीलर यांना थेट रूल 1113 चे आकडे लावले: व्हार्निश 350, लॅकर 550, फरशीवरचे लेप 100. एकाच प्रकरणात शेजारी शेजारी दोन वेगळी मापं, आणि वर शीर्षक एकच, 'घरातल्या हवेची गुणवत्ता'.

मला यात कुणाचा डाव दिसत नाही. डब्यातला आकडा कंपनीकडे तयार होता, तपासायला सोपा होता, कायद्यात बसलेला होता. नवं प्रमाणपत्र उभं करणाऱ्यांनी हाताशी असलेली पट्टी उचलली. फायदाही झाला, 250 ग्रॅमचा रंग जाऊन 50 चा आला तर घरातली हवा सुधारणारच. प्रश्न पुढचा आहे. सगळेच रंग 50 च्या खाली आले, की मग त्यांच्यातला फरक हा आकडा सांगू शकत नाही.

का, ते बघा. ईपीएच्याच संशोधकांनी 1997 मध्ये एकच इमल्शन दोन पृष्ठभागांवर लावलं, स्टीलच्या पत्र्यावर आणि जिप्सम बोर्डवर. दोन आठवड्यांत स्टीलवरून साधारण 90 टक्के व्हीओसी उडून गेलं. जिप्सम बोर्डवरून जेमतेम 20 टक्के. बाकीचं बोर्डात मुरलं होतं, सावकाश बाहेर यायला. आपण राहतो ते भिंतींत, स्टीलच्या पेटीत नाही. आणखी एक. इमल्शनमध्ये थर जुळवायला टेक्सानॉल नावाचं द्रावक फार वापरतात. त्याचा उत्कलनबिंदू 250 अंशांच्या किंचित वर आहे. युरोपच्या त्या निर्देशात व्हीओसीची व्याख्या 250 अंशांपर्यंतच. म्हणजे हिशोबात ते नाही, आणि खोलीत मात्र कित्येक आठवडे आहे.

यातून बाहेर पडायचा रस्ता दोन ठिकाणी सापडला. जर्मनीत आरोग्य खात्यांच्या तज्ज्ञांची 'एजीबीबी' ही समिती 1997 मध्ये बसली आणि 2000 मध्ये तिने चाचणीची योजना जाहीर केली. साधारण त्याच वेळी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला सरकारी कार्यालयांचं मोठं संकुल बांधायचं होतं. त्याच्या टेंडरसाठी 'सेक्शन 01350' हे कलम लिहिलं गेलं, आणि एका टेंडरचं कलम पुढे राज्याच्या आरोग्य खात्याची मानक पद्धत बनलं. दोन्हींची कल्पना एकच. रंग डब्यात मोजू नका. पट्टीवर लावा, स्वच्छ हवा खेळवलेल्या बंद पेटीत ठेवा, ठरावीक दिवसांनी बाहेर येणारी हवा शोषक नळीत पकडा आणि त्यात कोणतं संयुग किती आहे ते एकेक करून ओळखा. जर्मनीत तिसऱ्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, कॅलिफोर्नियात चौदाव्या दिवसापर्यंत. मग हिशोब एका ठरलेल्या खोलीचा करायचा. युरोपातली ही कागदावरची खोली 3 मीटर बाय 4 मीटर, उंची अडीच मीटर, दर दोन तासांनी हवा एकदा पूर्ण बदलणारी. जर्मन मर्यादा अठ्ठाविसाव्या दिवशी एकूण व्हीओसी घनमीटरला 1 मिलिग्रॅम, कर्करोगकारक पदार्थ त्याच्या हजाराव्या भागाइतके. कॅलिफोर्नियात एकट्या फॉर्माल्डिहाइडला घनमीटरला 9 मायक्रोग्रॅम. फ्रान्सने 2012 पासून हे थेट डब्यावर आणलं, ए-प्लसपासून सीपर्यंत श्रेणी, फ्रिजवरच्या ताऱ्यांसारखी.

2013 च्या लीडच्या चौथ्या आवृत्तीत रंगालाही ही चाचणी आली. पण जुना आकडा काढला नाही, दोन्ही ठेवलं. त्यानंतरच्या 4.1 मध्ये आतल्या रंग-लेपांपैकी किमान 75 टक्के उत्सर्जनाच्या चाचणीत बसावेत आणि 100 टक्के डब्यातल्या मर्यादेत, अशी अट ठेवली. कंत्राटदार वैतागतात: एकाच रंगाचे दोन कागद कशाला? तर दोन माणसांसाठी. पेटीतली चाचणी आठवड्या-दोन आठवड्यांनंतरची हवा सांगते, म्हणजे तिथे राहायला येणाऱ्याची. रंग ओला असताना पहिल्या काही तासांत जे उडतं ते पेंटरच्या छातीत जातं, आणि त्याची थोडीफार कल्पना फक्त डब्यातला आकडा देतो. थोडीफारच म्हणतो, कारण तोही त्याच्यासाठी बनलेला नाही. पेंटरसाठी खास आकडा डेन्मार्कने केला होता, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला. तिथल्या पेंटरांमध्ये द्रावकांमुळे स्मृती आणि मेंदूचे विकार दिसल्यावर त्यांनी डब्यावर एक कोड सक्तीचा केला: या एक लीटर रंगाच्या वाफा सुरक्षित पातळीपर्यंत पातळ करायला किती घनमीटर ताजी हवा लागेल. इतका सरळ आकडा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पेंटरचा व्यवसायच 1989 मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकला आहे.

आपल्याकडे हे सगळं मुख्यतः प्रमाणपत्रांच्या वाटेने आलं. हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला 2003 मध्ये लीडचं प्लॅटिनम मिळालं. अमेरिकेबाहेरची ती पहिली इमारत. 2007 मध्ये टेरीची 'गृह' ही पद्धत राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारली गेली. रंगातल्या शिशाला मात्र थेट कायदा लागला, नोव्हेंबर 2017 पासून 90 पीपीएम.

साइटवर दोन जागी हा आकडा हातातून निसटतो. एक म्हणजे दुकानातलं टिंटिंग मशीन. जुन्या मानकांत मर्यादा होती ती पांढऱ्या बेसची. गडद रंगासाठी वरून जे कलरंट पडतात ते धरलेच नव्हते. साउथ कोस्टने 2014 पासून कलरंटनाही 50 ग्रॅमची मर्यादा लावली. दुसरी जागा म्हणजे टर्पेंटाईनचा कॅन. रेलिंगच्या गंजरोधक लेपाला लीडमध्ये 250 ग्रॅमची मर्यादा होती. समजा डब्यावर 240 आहे, कागद चोख आहे. पेंटरने ब्रश हलका चालावा म्हणून लीटरमागे 100 मिली टर्पेंटाईन ओतलं. ते साधारण 78 ग्रॅम. आता 318 ग्रॅम 1.1 लीटरमध्ये, म्हणजे 289. फाइलमधला कागद 240 च म्हणतो.

तेव्हा तुमच्या घराचं काम निघालं आणि कुणी 'लो व्हीओसी' म्हणालं, तर तीन गोष्टी विचारा. आकडा पाणी धरून आहे की वजा करून? कलरंट टाकल्यानंतरचा आहे का? आणि चेंबर टेस्टचा रिपोर्ट असेल तर कितव्या दिवसाचा? डीलरला तिसरं बहुधा सांगता येणार नाही, पण कंपनीच्या तांत्रिक विभागाला मेल केलात तर उत्तर येऊ शकतं. राहायला जायची तारीख रिपोर्टमधल्या दिवसाच्या पुढे ढकलता आली तर ढकला. आणि तोवर खिडक्या उघड्या ठेवा. काम चालू असताना तर नक्कीच, कारण आत पेंटर आहे.